आकाशातले अंतर, जमिनीवरचा वेळ

फ्रँकफुर्टहून मुंबई सुमारे ६,५०० किलोमीटर. विमान हे अंतर साधारण आठ तासांत कापते. मुंबईहून सोलापूर सरळ रेषेत ३६० किलोमीटरांच्या आसपास. तरीही टॉवेलच्या खरेदीस येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याला अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील माग गाठण्यासाठी रात्रीच्या रेल्वेत जवळजवळ तितकेच तास मोजावे लागत. व्यापारात अंतराचे खरे माप किलोमीटर नव्हे, वेळ होय.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई-सोलापूर विमानसेवा सुरू झाली आणि हा टप्पा तासाभराच्या उड्डाणावर आला. परंतु उड्डाणाचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी, पुढील विमानाची प्रतीक्षा यांत जाणारे तास अंतर थोडे म्हणून घटत नाहीत. लांबच्या प्रवासात ते खपून जातात. जवळच्या प्रवासात सारी बचत गिळून टाकतात. शिवाय २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी हाच प्रवास साडेसहा तासांच्या आसपास घडविते.

या सेवेची तूट भरून काढण्यासाठी राज्य शासनाने निधी देऊ केला. पैसा जनतेचा असल्याने हिशेबही जनतेने मागावा. मात्र तो केवळ प्रवासीसंख्येचा नसावा. व्यापाऱ्यास मुंबईत वेळेवर जोडविमान मिळते काय, आणि त्याच्या भेटीतून मागांना काम मिळते काय, हे पाहिले पाहिजे. सायकलीवरून पाळीला जाणाऱ्या कामगाराचा रस्ता विमानाने कमी होत नाही. त्याच्या हाताला काम राहिले, तरच वाचलेल्या तासांचे मोल त्याच्यापर्यंत पोहोचेल.