ओटा चकचकीत, पण धूळ कुणाच्या छातीत?

स्वयंपाकघर नवं करायचं म्हटलं की घरात आधी दोन पक्ष पडतात. आमच्याकडेही पडले. सासूबाई जुन्या कडप्प्याच्या बाजूनं, तर धाकट्या जावेला हवा होता पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा. मी मधल्यामध्ये. मग दुकानात चौकशीला मलाच पाठवलं!

दुकानदारानं स्लॅबवर हात फिरवत सांगितलं, "ताई, याला डाग नाही, छिद्र नाही, आणि एकदम इको-फ्रेंडली. डोंगर फोडावाच लागत नाही." इथं मी अडखळले. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. ती काही झाडाला लागत नाही, खाणीतूनच येते. तिचा चुरा करायचा, रेझिन घालून दाबून घट्ट करायचा, की झाला हा कृत्रिम दगड. त्या रेझिनमुळेच त्यावर गरम कुकर थेट ठेवला तर डाग पडू शकतो, हे मात्र दुकानात कुणी सांगितलं नाही.

घरी येऊन जरा वाचलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. अशा दगडात ९० टक्क्यांहूनही जास्त सिलिका असू शकते. ग्रॅनाइटमध्ये ती बरीच कमी, संगमरवरात तर अगदीच थोडी. आता ओटा एकदा बसला की सिलिका काही आपल्याला त्रास देत नाही, तेव्हा ज्यांच्याकडे असा ओटा आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही. प्रश्न आहे तो कापणाऱ्याचा. कापताना, घासताना जी धूळ उडते तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा करणारं औषध नाही. खोकला आणि दम लागतो म्हणून पुष्कळदा टीबीच समजतात, आणि माणूस टीबीच्याच गोळ्या खात बसतो.

ऑस्ट्रेलियात असे ओटे घरोघरी बसले आणि मागोमाग दगड कापणारी तिशी-चाळिशीतली माणसं आजारी पडू लागली. कामगार संघटना आणि डॉक्टरांनी आवाज उठवला. शेवटी १ जुलै २०२४ पासून त्या देशानं हा दगड बनवण्यावर, विकण्यावर, कापण्या-बसवण्यावर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे तशी बंदी नाही. उलट या स्लॅब बनवून अमेरिकेला पाठवण्यात भारत आघाडीवर आहे, आणि आता तालुक्याच्या दुकानातही त्या उभ्या दिसतात. नाही म्हणायला राजस्थानात दगडखाणींतल्या मजुरांसाठी २०१९ मध्ये सरकारी धोरण आलं. पण आपल्या गल्लीतल्या फरशीवाल्याची नोंद कुठं आहे?

तुम्हीही पाहिलं असेल. दारात कटर किर्रर्र चालतोय, एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून पांढराफटक झालाय, आणि आपण आतून ओरडतो, "अहो, खिडक्या लावून घ्या, भांड्यांवर धूळ येतेय!" मीही ओरडले आहे. तो रुमाल या बारीक धुळीला अडवत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि हे एकट्या क्वार्ट्झचं नाही. ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल्स कोरड्या कापल्या तरी सिलिकेची धूळ उडतेच, फक्त कमी-जास्त. टाइल्सचं आणखी एक आहे. त्या हजार-बाराशे अंशांवर भाजाव्या लागतात. गुजरातेतल्या मोरबीत त्यासाठी कोळशाचा गॅस जाळायचे. हवा-पाणी इतकं बिघडलं की हरित लवादाला मार्च २०१९ मध्ये ते बंद करायला सांगावं लागलं. आपली शहाबादी किंवा कोटा फरशी खाणीतून निघते ती तासून थेट घरात येते, भट्टी लागत नाही. आणि जी आधीच घरात आहे तिला तर काहीच लागत नाही. तीस वर्षांची शहाबादी उखडून राडारोडा नदीकाठी टाकायचा, वर 'पर्यावरणपूरक' टाइल्स बसवायच्या, हे मला काही पटत नाही. त्यापेक्षा पॉलिश करून घ्यावी. फक्त अ‍ॅसिडनं धुऊ नका, हे दगड चुनखडीचे असतात, पार खराब होतात.

आमचं शेवटी ग्रॅनाइटवर जमलं. मिस्त्रींना म्हटलं, माप घेऊन दगड दुकानातच पाण्याच्या मशीनवर कापून आणा. सिंकचं भोक आणि कडेची गोलाईसुद्धा तिथंच. दारात कोरडा कटर नको. कापणाऱ्याला रुमाल नको, चांगला मास्क द्या, त्याचे पैसे मी देते.

मिस्त्री हसले. "ताई, इतकी वर्षं काम करतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. पण एक खेप वाढेल आणि एक दिवस जास्त लागेल."

मी हो म्हटलं. रात्री हिशेबाची वही बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "एवढ्यात जुन्या कडप्प्याला दोनदा पॉलिश झालं असतं गं."