दोन वर्षं मुरलेला माल आणि हातातून गेलेलं नाव

आपल्याकडे बिझनेस ट्रेनिंग म्हटलं की जपान येतोच. कायझेन, कानबान, टोयोटा. मी पण सांगतो, नाही म्हणत नाही. मागच्या महिन्यात टोयोटावरच्या व्हिडिओसाठी वाचत होतो, तेव्हा नकाशात बघितलं की हे टोयोटा शहर नेमकं आहे कुठे. जुन्या मिकावा प्रांतात. शहराचं मूळ नाव कोरोमो, कंपनीमुळे 1959 मध्ये ते बदलून टोयोटा केलं. आणि त्याच प्रांतात, शेजारच्या ओकाझाकी गावात, दोन दुकानं अशी सापडली की ज्यांनी काहीच बदललं नाही. ती गोष्ट टोयोटापेक्षा आपल्यासारख्या दुकानदाराच्या जास्त जवळची आहे. म्हणून आज तेच.

मिकावा म्हणजे आजच्या आयची प्रीफेक्चरचा पूर्वेकडचा अर्धा भाग. पश्चिमेचा अर्धा ओवारी, त्यात नागोया येतं. 1872 मध्ये मिकावा आयचीत मिसळला, पण माल आजही जुन्या प्रांताच्या नावाने ओळखला जातो. हेकिनानची गोड मिरिन, निशिओचा माच्चा, ओकाझाकीचं ग्रॅनाइटचं कोरीवकाम, तोयोहाशीचे हातात धरून उडवायचे फटाके. हो, हातात! बांबूची जाड नळी कुशीत धरतात आणि आगीचा फवारा डोक्यावरून वर जातो. जाता जाता आणखी एक. जपानच्या जुन्या नोंदीप्रमाणे 799 साली मिकावाच्या किनाऱ्यावर एक परका तरुण वाहत आला, त्याच्याकडे कापसाचं बी होतं, आणि पुढे त्याने स्वतःला तेन्जिकूचा, म्हणजे आपल्या भारताचा, म्हणून सांगितलं. निशिओमध्ये त्याच्या नावाने तेन्जिकू देऊळ आहे. तो कापूस काही टिकला नाही, पण काही शतकांनी मिकावाचं सुती कापड मात्र नावाजलं गेलं.

आता ओकाझाकी. शोगुन तोकुगावा इएयासू 1543 मध्ये इथल्या किल्ल्यात जन्मला. किल्ल्यापासून पश्चिमेला आठ चो अंतरावर, म्हणजे साधारण 870 मीटरवर, एक वस्ती आहे. आठ चो म्हणून हात्चो. इथला मिसो तो हात्चो मिसो. नावातच पत्ता आहे, हे लक्षात ठेवा.

मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला घट्ट गोळा, सूपमध्ये, भाजीत घालतात. बाकी जपानात बहुतेक ठिकाणी त्यात तांदूळ किंवा जव असतो. इथे फक्त सोयाबीन, मीठ, पाणी. शिजवलेल्या सोयाबीनचे गोळे करून त्यांनाच बुरशी लावतात. मग माणसापेक्षा उंच लाकडी पिंपात साधारण सहा टन माल भरतात आणि वर नदीतले गोल दगड हाताने रचतात. किती? तीन टन! शंकूसारखा ढीग, मध्ये सिमेंट नाही, दोरी नाही. भूकंपातही तो ढासळत नाही असं तिथले लोक सांगतात. आणि मग थांबायचं. दोन उन्हाळे, दोन हिवाळे. तेव्हा कुठे तो चॉकलेटी रंगाचा, जरा तुरट, जरा कडवट मिसो तयार होतो.

हे करणारी घरं दोनच. मारुया, 1337 पासून. काकुक्यू, 1645 पासून. जुन्या तोकाइदो रस्त्यावर आमनेसामने. शेकडो वर्षं एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि तरी दोघंही चालू. माझं मसाल्याचं दुकान वडिलांपासूनचं आहे, तरी समोर दुसरं उघडलं तेव्हा मला आठवडाभर झोप नव्हती.

आता खरा मुद्दा. जपानने 2015 मध्ये जीआयची, म्हणजे भौगोलिक नावाच्या नोंदणीची, पद्धत सुरू केली. या दोघांनी अर्ज केला: हात्चो मिसो म्हणजे हात्चो वस्तीतला. कृषी मंत्रालयाचं म्हणणं पडलं की हद्द वाढवा, सगळा आयची धरा. दोघांनी नकार दिला आणि 2017 मध्ये अर्ज मागे घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाव रजिस्टर झालं, पण आयचीतल्या दुसऱ्या उत्पादकांच्या संघटनेच्या अर्जावर. त्यांच्या नियमात लाकडी पिंप सक्तीचं नाही, दगड सक्तीचे नाहीत, दोन वर्षंही नाहीत. एक उन्हाळा मुरला तरी चालतो.

म्हणजे ज्या वस्तीवरून नाव पडलं, त्या वस्तीतलीच दोन दुकानं टॅगच्या बाहेर. आक्षेप घेतला, तो फेटाळला. मारुया कोर्टात गेली, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन हरली. युरोपबरोबरच्या करारात हे नाव संरक्षित आहे, ते पण संघटनेच्या नियमांप्रमाणे. आणि 2026 पासून या दोघांना आपल्याच पाकिटावर, हा जीआयवाला माल नाही, असा खुलासा छापावा लागणार.

वाचून माझं डोकं फिरलं, खरं सांगतो.

पण दुसरी बाजू पण ऐका. त्या संघटनेतले लोक काही भामटे नाहीत. नुसत्या सोयाबीनचा मिसो त्या सगळ्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या होतो. त्यातले काही जण हात्चो हे नाव बरीच वर्षं वापरत आले आहेत. त्यांची भीती एवढीच की उद्या दोन दुकानांनी नाव बंद केलं तर आम्ही काय विकायचं? यात तथ्य आहे. हापूसचं बघा ना. 2018 मध्ये टॅग मिळाला तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांना. देवगडच्या बागायतदाराला विचारा, त्याचं मत वेगळं ऐकायला मिळेल. पालघरच्या बागायतदाराला विचारा, तोही चुकीचं बोलत नाही.

तरीही माझं मत त्या दोन दुकानांच्या बाजूने आहे. हद्दीपेक्षा माझा आक्षेप पद्धतीवर आहे. हद्द वाढवायची तर वाढवा, पण दोन वर्षं आणि लाकडी पिंप तरी ठेवा. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजतं ते त्या थांबण्याचे. ते काढून नुसतं नाव ठेवलं तर गिऱ्हाइकाला कळणार कसं की तो नेमकं काय घेतोय?

आणि त्यांची चूक पण सांगतो, कारण ती मी स्वतः केली आहे. अर्ज मागे घेतला तिथे ते टेबलावरून उठले. तीन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात मसालेवाल्यांची मीटिंग झाली होती. कांदा-लसूण मसाल्याला एक कॉमन लेबल करायचं, असा विषय. कांदा उन्हात वाळवलेलाच हवा आणि मिरची कांडपावर कुटलेलीच हवी, हा माझा हट्ट. बाकीचे म्हणाले पल्व्हरायझर चालेल, तयार कांदा पावडर चालेल. मी चहा अर्धा ठेवून उठून आलो. लेबल झालं. आज प्रदर्शनात त्या लेबलचे स्टॉल पुढच्या रांगेत असतात आणि माझा मसाला बघून बाया विचारतात, "दादा, हा ओरिजिनल आहे ना? तो शिक्का दिसत नाही."

काय उत्तर देणार? पिंप दाखवून ते दोघं निदान सांगू शकतात. काकुक्यूमध्ये लोक कारखाना बघायला येतात, दगडांसमोर फोटो काढतात. शिक्का नाही, पण दगड आहेत. मी आता दुकानाच्या मागे कांदा वाळत घालतो तिथलं पत्र्याचं दार काढून जाळी लावतोय, गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. आणि लेबलवाल्यांची पुढची मीटिंग कधी आहे, त्याची चौकशी केली आहे. तारीख अजून ठरली नाही म्हणाले.