कढईतल्या काळ्या तेलाचा हिशोब कोण ठेवणार?

आष्टीच्या बाजारात आलुबोंडा खाल्ला नाही असा माणूस सापडणं कठीण. माझं भांडण आलुबोंड्याशी नाही, कढईतल्या तेलाशी आहे.

तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनला लागलेल्या मेदाम्लांच्या तीन शेपट्या. तळताना आलू-बेसनातलं पाणी या शेपट्या सुट्या करतं, म्हणून जुनं तेल लवकर धूर सोडतं. हवेतला ऑक्सिजन शेपट्यांमधले दुहेरी बंध खातो, मग तुकडे एकमेकांना चिकटतात आणि तेल दाट, फेसाळ होतं. सोयाबीन तेलात असे नाजूक बंध जास्त, म्हणून ते शेंगदाणा तेलापेक्षा लवकर बिघडतं. वरून ताजं तेल ओतलं तरी जुना बिघाड जात नाही, फक्त पातळ होतो.

या बिघाडाला माप आहे. तेलातली पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यालायक नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. पण तेलाची नोंद ठेवायची सक्ती रोज ५० लिटरपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनाच. आपली हातगाडी त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे मर्यादा सगळ्यांना, हिशोब फक्त मोठ्यांना!

यात गाडीवाल्या भावाला शिव्या देऊन काय होणार? उरलेलं दोन लिटर तेल फेकायचं म्हणजे त्याची दिवसाची कमाई नालीत. मोठ्या हॉटेलांचं वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी पैसे देऊन उचललं जातं, पण दोन लिटरसाठी आष्टीपर्यंत कोण येईल?

म्हणून मागणी साधी आहे. नगरपंचायतीनं बाजाराच्या दिवशी एक बंद ड्रम ठेवावा, सगळ्यांचं तेल एकत्र करून अधिकृत संकलकाला विकावं आणि पैसे ज्याचे त्याला द्यावे. अन्न व औषध प्रशासनानं तेल तपासायचं हातातलं यंत्र घेऊन अधूनमधून यावं. पहिल्या खेपेला दंड नको, नुसता आकडा दाखवा.

आपल्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योग संघानं गावाला चांगलं तेल मिळावं म्हणून घाणी सुधारायचं काम केलं होतं. आपल्याला तर फक्त एक ड्रम ठेवायचा आहे.

आणि हो, ताज्या तेलातल्या प्लेटीला दोन रुपये जास्त पडले, तर आपणही कुरकुर करू नये. तुम्हाला काय वाटतं, सांगा.