पंपाला वेग कशाला?




गेल्या अंकातील पत्रलेखकांनी उपकरणांसाठीच्या ‘लोरावॅन’ या बिनतारी जाळ्याला कूर्मगती म्हणून निकालात काढले. इमारतीतल्या कामांसाठी ही मोजपट्टीच चुकीची आहे. गच्चीवरच्या टाकीला सांगायचे असते ते एवढेच, की पाणी कुठवर आले. त्याला चार बाइट पुरतात. सेकंदाला जेमतेम 250 बिट या सर्वांत मंद गतीलाही तो निरोप दीड सेकंदाच्या आत गेटवेला पोचतो. तेवढ्यात टाकी ओसंडत नाही! उलट या मंदपणामुळेच तळघरातल्या मीटररूममधला क्षीण संदेशही पकडता येतो, जिथे वायफाय केव्हाच मान टाकते.

खरी मेख पत्रलेखकांच्या नजरेतून निसटली. लोरावॅनमधले बॅटरीवरचे ‘क्लास ए’ उपकरण स्वतः बोलल्यावरच दोनदा क्षणभर कान देते, एरवी झोपलेले असते. तासाला एकदा बोलणाऱ्या अशा व्हॉल्व्हला ‘बंद हो’ म्हटले, तर हुकूम पोचायला तासही लागेल. ‘क्लास सी’ जवळजवळ सतत ऐकते, पण त्याला कायमची वीज लागते. पंपाच्या स्टार्टरपाशी ती असतेच.

आगीचा अलार्म आणि लिफ्ट मात्र वायरीवरच असू द्यावी, आणि टाकीतला फ्लोट स्विचही काढू नये. ठेकेदार ‘क्लास ए’ आणि ‘क्लास सी’ हे दोन्ही प्रकार ‘रिमोट कंट्रोल’ म्हणूनच खपवतात. सोसायट्यांनी कोटेशनवर क्लास लिहून घ्यावा.

— एक वाचक, पुणे