विश्लेषण : फुटबॉल स्पर्धांचे यजमानपद कोणाच्या खिशातून? नेरुळ-बालेवाडीतून वाईपर्यंत काय पोहोचते?

वाईहून सुरूर फाट्यावर येऊन महामार्गाला लागले, की उत्तरेकडचा रस्ता पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलाजवळून पुढे नवी मुंबईकडे जातो आणि दक्षिणेकडचा कोल्हापूरला. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ ते २०२२ या काळात ‘फिफा’च्या दोन विश्वचषकांचे आणि आशियाई महिला चषकाचे सामने झाले. कोल्हापुरात तर शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांसाठी आजही गर्दी लोटते. या रस्त्यावर मध्ये असलेल्या वाईसारख्या तालुक्यातल्या मुलामुलींना मोठ्या स्पर्धांच्या यजमानपदातून काय मिळते, हा प्रश्न मात्र स्पर्धा संपली की मागे पडतो. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून ११ जून ते १९ जुलै २०२६ या काळात ४८ संघांचा, १०४ सामन्यांचा विश्वचषक भरवत असताना खर्चाचा वाद जगभर पुन्हा सुरू झाला आहे. महाराष्ट्राचा अनुभव त्या वादात तपासून पाहण्यासारखा आहे.

यजमान देश नेमकी कसली हमी देतो?

फिफाची स्पर्धा हवी असेल तर देशाच्या सरकारला लेखी हमीपत्रे द्यावी लागतात. संघांचे व्हिसा, साहित्यावरची सीमाशुल्क सवलत, करसवलत, सुरक्षा, प्रसारणासाठीच्या सोयी असे त्यात बरेच काही येते. भारताच्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून होणारे ठरावीक उत्पन्न करमुक्त करण्यासाठी कलम १०(३९) होते. याउलट विश्वचषकाचे प्रसारण हक्क आणि मुख्य प्रायोजक यांचा पैसा फिफाकडे जातो. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न ७५० कोटी डॉलरच्या पुढे गेले. त्यातला मोठा वाटा सदस्य संघटनांना परत मिळतो, हेही खरे. पण बंदोबस्त, रस्ते, मैदानाची डागडुजी आणि स्पर्धेनंतरची देखभाल यांचे बिल यजमानाकडेच राहते.

हा व्यवहार न पटल्याने शिकागो शहराने २०१८ मध्येच २०२६ च्या विश्वचषकातून अंग काढून घेतले. फिफा पुरेशी स्पष्टता देत नाही आणि करदात्यांवर धोका येतो, असे त्या शहराचे म्हणणे होते. अमेरिकेतले श्रीमंत शहर हा हिशेब मांडू शकते, तर आपल्याकडे तो मांडायला हरकत नसावी.

नेरुळला स्वस्तात कसे जमले?

कारण स्टेडियम आधीच उभे होते आणि ते खासगी होते. क्रिकेटसाठी २००८ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानावर ६ ऑक्टोबर २०१७ रोजी १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने सुरू झाले. २५ ऑक्टोबरला स्पेन आणि माली यांच्यातला उपांत्य सामनाही इथेच झाला. सहा शहरांत मिळून १३ लाख ४७ हजारांवर प्रेक्षक आले. या वयोगटाच्या विश्वचषकाचा तो विक्रम ठरला. ब्राझीलने २०१४ मध्ये अमेझॉनच्या जंगलातल्या मनाऊसला सुमारे ४४ हजार आसनांचे नवे स्टेडियम बांधले, त्यावर विश्वचषकाचे चार सामने झाले आणि पुढे ते भरेल एवढा मोठा स्थानिक संघच तिथे नव्हता. नवी मुंबई त्या चुकीतून वाचली.

२०२२ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने स्पर्धेच्या जेमतेम महिनाभर आधी, १४ सप्टेंबरला, हमीपत्रांना मंजुरी दिली. मैदानाची देखभाल, वीज, केबल आणि सजावट यांसाठी भारतीय फुटबॉल महासंघाला १० कोटी रुपये मंजूर झाले. विश्वचषकाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. मात्र पोलीस, रुग्णवाहिका आणि रस्ते यांचा खर्च राज्य आणि महापालिकेच्या वेगवेगळ्या शीर्षांखाली विखुरतो. त्याची एकत्र बेरीज सहसा कोणी मांडत नाही.

बालेवाडीत आणि नेरुळमध्ये २०२२ ला काय घडले?

यजमानपदाचा धोका काय असतो, हे महाराष्ट्राने जानेवारी २०२२ मध्ये पाहिले. आशियाई महिला चषक आधी भुवनेश्वर आणि अहमदाबादलाही व्हायचा होता. करोनामुळे संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून सगळे सामने नेरुळ, अंधेरी आणि बालेवाडी इथे आणले गेले. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, म्हणजे तिकिटांचे उत्पन्न आणि गावोगावच्या मुलींनी येऊन सामना पाहणे, दोन्ही गेले.

भारताने २० जानेवारीला इराणशी गोलशून्य बरोबरी केली. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता, पण संघात इतक्या खेळाडू करोनाबाधित निघाल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ जणीही उभ्या राहू शकल्या नाहीत. आशियाई महासंघाने नियमावर बोट ठेवले. भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे धरले गेले आणि त्याचे सामने रद्दबातल ठरले. हॉटेलमधले कर्मचारी बाधित असूनही त्याची दखल वेळेत घेतली गेली नाही, असा आरोप प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी केला. ही स्पर्धा २०२३ च्या महिला विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. म्हणजे एका पिढीची विश्वचषकाची वाट घरच्याच मैदानावर, एकही सामना न हरता बंद झाली. स्पर्धा मात्र थांबली नाही. ६ फेब्रुवारीला नेरुळच्या रिकाम्या गॅलऱ्यांसमोर चीनने दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवून चषक नेला.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला फिफाने ‘त्रयस्थांचा हस्तक्षेप’ असे कारण देऊन भारतीय महासंघाला निलंबित केले आणि मुलींचा विश्वचषक हातचा जाण्याची वेळ आली. निलंबन २६ ऑगस्टला उठले. भुवनेश्वरमध्ये भारताच्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. स्पेन आणि कोलंबियाचा अंतिम सामना नेरुळला झाला.

मग पदरात काय पडले?

२०१७ मध्ये सहभाग आपोआप मिळाला होता, कारण यजमान संघाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो घडला तो राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत. प्रबोधिनीचे पुण्यातले केंद्र ज्या बालेवाडी संकुलात आहे, ते १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधले गेले. म्हणजे खेळाडू मिळाला तो विश्वचषकाच्या बऱ्याच आधी केलेल्या सरकारी खर्चातून आणि रोजच्या सरावातून. याच बालेवाडीत सामने खेळणारा ‘एफसी पुणे सिटी’ हा व्यावसायिक संघ मात्र विश्वचषकानंतर दोन वर्षांतच, २०१९ मध्ये, बंद पडला.

विश्वचषकाच्या तोंडावर १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्याने शाळांना फुटबॉल वाटून एकाच दिवशी १० लाख मुलांना खेळवण्याचा उपक्रम केला. गावोगावच्या शाळांत त्या दिवशी उत्साह होता यात शंका नाही. पण चेंडू फाटतो, हवा जाते. सपाट मैदान आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा प्रशिक्षक नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत काही उरत नाही. १४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडेवर लिओनेल मेस्सीच्या उपस्थितीत राज्याच्या ‘महादेवा’ उपक्रमाची जाहिरात झाली. त्यात १३ वर्षांखालील ६० मुलामुलींना निवडून पाच वर्षे शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण द्यायचे आहे. रोख यावेळी एका दिवसावरून वर्षांकडे वळला आहे. मात्र साठ ही संख्या ३६ जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्याला दोनसुद्धा येत नाहीत.

कतारचे प्रकरण वेगळे का?

तिथे बिल पैशांत मोजता येत नाही. दक्षिण आशियातल्या ६,५०० कामगारांचे मृत्यू ‘गार्डियन’ने २०२१ मध्ये नोंदवले. त्यात सुमारे २,७०० भारतीय होते. हे आकडे सर्व कारणांचे, सर्व कामांवरचे होते, फक्त स्टेडियमचे नव्हे. पुढे आयोजन समितीच्या प्रमुखांनीच विश्वचषकाशी जोडलेल्या कामांवर ४०० ते ५०० मृत्यू झाल्याचे एका मुलाखतीत सांगितले.

यजमानपद नाकारले तर?

भारताने तेही करून पाहिले. डिसेंबर २०२२ मध्ये महासंघाने २०२७ च्या पुरुषांच्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून माघार घेतली. मोठ्या स्पर्धा भरवण्यापेक्षा तळागाळातल्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचे, असे कारण दिले. स्पर्धा सौदी अरेबियाला गेली. यजमान असता तर भारत थेट खेळला असता. आता पात्रता गाठणे भाग होते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ असा पराभव होऊन ती संधी गेली. तळागाळाचे म्हणाल, तर देशातली मुख्य व्यावसायिक लीगही त्या हंगामात वेळेवर सुरू होऊ शकली नाही. यजमानपदाचे पैसे वाचवले म्हणजे ते आपोआप तालुक्याच्या मैदानावर येतात, असे होत नाही.

मुलींच्या बाबतीत उलटे घडले. नेरुळला घरच्या मैदानावर बाद ठरलेल्या भारतीय महिला संघाने ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माईत थायलंडला २-१ ने हरवले आणि पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच आशियाई चषक गाठला. स्पर्धा ऑस्ट्रेलियात होती.