इंजिन उघडले असेल, तर तसे लिहून द्या

जुनी गाडी घेणारा माणूस रंग पाहतो, टायर पाहतो, एक चक्कर मारतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. गाडीतल्या सर्वांत महागड्या भागाबद्दल त्याला मिळते ते केवळ तोंडी आश्वासन: "इंजिनला हात लागलेला नाही." ही तोंडी हमी आता पुरे झाली.

इंजिनचे काम होणे हा दोष नव्हे. चांगल्या लेथवर बोअर केलेला ब्लॉक, त्याच मापाचे ओव्हरसाइज पिस्टन, नवी बेअरिंग्ज आणि पक्के बिल असेल, तर अशी गाडी बिनधास्त घ्यावी. घात होतो तो झिजलेला क्रँक तसाच ठेवून नुसत्या रिंगा बदलल्या जातात आणि गाडी विकायला काढली जाते तेव्हा. 2019 चा सांगली-कोल्हापूरचा महापूर किंवा 2021 मधले चिपळूण आठवावे. पाण्यात उभ्या गाडीला सेल्फ मारला की सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो. असे इंजिन उघडावेच लागते, नाहीतर दुसरे बसवावे लागते. पुढे ती गाडी दुसऱ्या जिल्ह्यात विकली गेली, तर घेणाऱ्याला यातले काय कळणार?

तपासणी अवघड नाही, फक्त घाई नको. ब्लॉकवर कोरलेला नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून, टॉर्च लावून आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. आकडे खालीवर असतील, भोवतीचा पृष्ठभाग घासलेला दिसला, तर सौदा तिथेच थांबवावा. ते इंजिन चोरीच्या गाडीचेही असू शकते. मग बोल्टांच्या कडा पाहाव्यात, पान्याचे ओरखडे लपत नाहीत. सांध्यातून बाहेर आलेले सिलिकॉनही बोलते. कारखान्यातही ते लावतात, पण तिथली रेघ एकसारखी असते. गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगावी, आणि ती खरोखर थंड आहे ना, हे बॉनेटवर हात ठेवून पाहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चालू इंजिनचे ऑइलचे झाकण उघडल्यावर भकाभका धूर आला, तर मेकॅनिक म्हणतात तसे ते 'बॅक मारते' आहे, म्हणजे रिंगांमधून वायू खाली गळतो आहे. चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंदही मागावी. मात्र बाहेरच्या गॅरेजमधले काम तिथे दिसणार नाही.

कायदा इंजिन बदलण्यापुरता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार परवानगीशिवाय इंजिन बदलले, तर मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. ती नसेल, तर विम्याच्या दाव्यापासून पुढच्या विक्रीपर्यंतचा त्रास नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. पण त्याच ब्लॉकमध्ये पिस्टन-रिंगा बदलल्या, तर नंबर तोच राहतो आणि आरसीवर काहीच उमटत नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना 1 एप्रिल 2023 पासून अधिकृत नोंदणीचे नियम लागू झाले, ही चांगली सुरुवात आहे. आता परिवहन खात्याने हस्तांतराच्या अर्जातच विक्रेत्याचे सहीनिशी निवेदन घ्यावे: इंजिन उघडले होते का, कधी, कुठे, काय बदलले. सोबत बिल जोडावे. आणि तसा अर्ज येईपर्यंत घेणाऱ्याने हे चार प्रश्न साध्या कागदावर लिहून घ्यावेत, त्याखाली विकणाऱ्याची सही घ्यावी आणि मगच पैसे द्यावेत.