उंची ठरवावी अलाइनमेंटने

गाडी लो करायची ठरली की बोलणे सुरू होते ते 'किती?' या प्रश्नाने. तीस मिलिमीटर, चाळीस, की थेट दोन इंच? स्प्रिंगच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो, टायर आणि फेंडरमधली फट किती उरेल याचे फोटो मोबाइलवर असतात, आणि सौदा तिथेच ठरतो. अलाइनमेंटची आठवण होते ती सगळ्यात शेवटी, बिलाच्या खालच्या ओळीत, बॅलन्सिंगच्या शेजारी. हा क्रमच उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे. गाडी किती खाली आणायची, याचा निकाल अलाइनमेंटने द्यायला हवा. चाकांचे कोन जिथपर्यंत पुन्हा ताळ्यावर आणता येतात, तिथपर्यंतच गाडी खाली यावी. त्यापुढे जायचे तर सस्पेन्शनचे इतर भागही बदलावे लागतात, आणि ती तयारी नसेल तर तो मोह आवरावा.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना फोर्डच्या कॉन्सल गाडीने १९५० च्या सुमारास लोकांपुढे आणली. स्वस्त आणि आटोपशीर म्हणून ती जगभर पसरली. तिच्यात चाकाला खालून लोअर आर्म धरतो, वरून स्ट्रट, आणि टाय रॉड त्याला वळवतो. चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले की लोअर आर्म आणि टाय रॉड ही दोन्ही आपापल्या आतल्या टोकाभोवती कमानीत फिरतात. कंपनीने ठरवलेल्या उंचीच्या आसपास या दोन कमानी जवळजवळ जुळाव्यात, अशी सगळी आखणी असते. गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसली की दोघांची बाहेरची टोके बॉडीच्या मानाने तेवढीच वर गेलेली असतात, कमानी फाकतात, आणि स्टेअरिंगला कोणी हात न लावता टाय रॉड चाकाला किंचित आत किंवा बाहेर वळवून ठेवतो. आत की बाहेर, हे स्टेअरिंगची रॅक कुठे आणि किती उंचीवर बसवली आहे त्यावर ठरते, म्हणून गाडीगणिक उत्तर वेगळे. हा झाला टो. सोबत चाकाचा वरचा भाग आत कलतो, तो निगेटिव्ह कॅम्बर. गाडीचे नाक मागच्या भागापेक्षा जास्त किंवा कमी उतरले, तर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल, तोही थोडा हलतो. तेव्हा 'आम्ही फक्त स्प्रिंग बदलली' हे वाक्य बिलापुरते खरे असले तरी गाडीपुरते खरे नसते.

यानंतर काही महिन्यांनी टायर आतल्या कडेने संपतो आणि गॅरेजमध्ये ठरलेले वाक्य ऐकू येते: 'लो केलीय ना, मग टायर आतून खाणारच. कॅम्बर आलाय.' कॅम्बरवरचा हा आळ बराचसा खोटा आहे. तपासायला मशीनही लागत नाही. टायरच्या नक्षीवरून हाताचा तळवा आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने रबर गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे खरखरीत लागले, तर तो टायर टोने खाल्ला आहे. नुसत्या कॅम्बरची झीज दोन्ही दिशांना सारखीच गुळगुळीत लागते आणि तिला वेळही बराच लागतो. टो इतका महाग का पडतो, ते साध्या त्रिकोणमितीने कळते. चाक सरळ रेषेपासून अर्धा अंश जरी वळलेले असले, तर किलोमीटरमागे ते ८.७ मीटर आडवे जायला बघते. गाडी मात्र त्याला सरळच नेते. दहा हजार किलोमीटरांत हा हिशेब ८७ किलोमीटरांवर जातो. रबर लवचीक असल्याने यातला काही भाग ते पोटात घेते, सगळे घर्षण झिजेत उतरत नाही, हे खरे. पण कॅम्बरमुळे वजन आधीच आतल्या कडेवर आलेले असते, आणि टो नेमकी तीच कड रस्त्यावर घासत राहतो. दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर असलेली गाडी टो बिनचूक असेल तर टायर वेळच्या वेळी फिरवून व्यवस्थित चालवता येते. कॅम्बर अगदी शून्य, पण टो बिघडलेला, अशी गाडी टायर लवकर संपवते. म्हणून लो केलेल्या गाडीत आधी टोकडे बघावे, कॅम्बरकडे नंतर.

यावर अलाइनमेंटवाल्याचे उत्तर असते की मशीनवर सगळे हिरवे आले आहे. आता थ्रीडी कॅमेऱ्याची मशीन तालुक्याच्या गावीही दिसते, आणि तिची अचूकता मला अमान्य नाही. प्रश्न आहे तो हिरवा रंग कशावरून ठरतो, हा. मशीनमध्ये भरलेले आकडे कंपनीचे असतात आणि कंपनीने ते आपल्या उंचीसाठी, आपल्या स्प्रिंगसाठी काढलेले असतात. उंचीचा आणि कोनांचा हा संबंध खुद्द कंपन्याच किती गांभीर्याने घेतात, ते पाहावे. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांच्या अलाइनमेंटच्या सूचनेत सीटवर आणि डिकीत ठरावीक वजन ठेवून, टाकी भरून मगच मोजायला सांगितलेले असते. मर्सिडीजच्या पद्धतीत सस्पेन्शनच्या आर्मचा कल आधी मोजतात आणि त्या उंचीला कोणते आकडे लागू, ते त्यावरून बघतात. मूळ उंचीच्या गाडीला जिथे एवढा सोपस्कार लागतो, तिथे दोन इंच खाली आणलेली रिकामी गाडी मशीनवर चढवून, पडदा हिरवा झाला की पावती फाडायची, याला मोजणी म्हणता येईल. अलाइनमेंट म्हणणे जड जाते. लो गाडीत कॅम्बर लाल दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही, आणि टो हिरवा दिसला म्हणून निश्चिंत व्हायचेही नाही. हिरव्या पट्ट्याच्या काठावरचा टो मूळ गाडी पचवते. आतल्या कडेवर उभ्या असलेल्या टायरला तो पचत नाही. दोन्ही पुढच्या चाकांचा कॅम्बर एकमेकांशी जुळणारा, टो शून्याच्या जवळ, आणि हे सगळे गाडीत एरवी जेवढी माणसे बसतात तेवढ्या वजनाखाली, असा आग्रह धरायला हवा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो: काय काय दुरुस्त करता येते? आपल्या सर्वसाधारण हॅचबॅकमध्ये कंपनीने फिरवायला ठेवलेली गोष्ट एकच असते, पुढचा टो. टाय रॉडचा लॉक नट सैल करायचा, रॉड फिरवायचा, नट पुन्हा आवळायचा. पुढचा कॅम्बर हलवायचा तर स्ट्रटच्या खालच्या बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅम्बर बोल्ट, घालावा लागतो. त्यानेही मिळतो तो एखाद-दीड अंश. मागे टॉर्शन बीम असेल तर टो आणि कॅम्बर बीमच्या घडणीतच ठरलेले असतात. फार तर स्टब एक्सल आणि बीम यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ चकती, घालता येते, आणि तेही सगळीकडे जमत नाही. काही ठिकाणी स्ट्रटला हायड्रॉलिक जॅक लावून, तो दाबून कॅम्बर 'काढून' देतात. मशीनवर आकडा येतो, पण तो आणण्यासाठी सुटा भाग वाकवलेला असतो, आणि आतला शॉकअपचा दांडा पुढे तिरक्या भाराखाली घासत राहतो. या प्रकाराला मी दुरुस्ती मानत नाही. एवढ्या मर्यादा समोर असताना खोक्यावरचा आकडा बघून उंची ठरवणे म्हणजे शिवायला कापड किती आहे हे न बघता माप घेणे झाले.

आणि उभ्या गाडीतले सगळे आकडे जुळले तरी चालत्या गाडीचा प्रश्न उरतोच. फाकलेल्या कमानींचा दोष असा, की चाक वरखाली होते तसा टो बदलत राहतो, आणि मूळ उंचीपासून जितके दूर जावे तितका हा बदल मोठा. मेकॅनिक याला बम्प स्टेअर म्हणतात. एका चाकाखाली खड्डा आला की गाडी आपणहून बाजूला सरकते, चालक स्टेअरिंग सावरतो. गणपतीला पाच माणसे आणि सामान भरून कोकणात निघालेली लो गाडी आणि गेल्या आठवड्यात मशीनवर रिकामी चढलेली तीच गाडी, यांचा टो एक नसतो. यावर आक्षेप येतो की लोअरिंग स्प्रिंग कडक असतात, त्यामुळे चाक कमी हलते आणि टोही कमी बदलतो. आक्षेपात तथ्य आहे. पण बाजारातल्या बहुतेक स्प्रिंग बसायला बऱ्या वाटाव्यात म्हणून थोड्याच कडक केलेल्या असतात, उंची मात्र बरीच कमी करतात. शिवाय मॅकफर्सन गाडी खाली आली की तिचे रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरते, म्हणजे वळणावर कलायला मिळणारी तरफ वाढते. स्प्रिंगचा कडकपणा आधी तिथे खर्च होतो. रोल सेंटर आणि टाय रॉडची उंची पुन्हा जुळवणारे लांब बॉल जॉइंट काही मॉडेलांसाठी मिळतात. ते घेणारा ग्राहक विरळा, कारण ते बाहेरून दिसत नाहीत.

रेसच्या गाड्यांना तीन-तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर असतो, मग आमच्या गाडीला का नको, असेही विचारले जाते. तिथे तो वळणावर बाहेरच्या टायरने सपाट बसावे म्हणून देतात, त्याच्या जोडीने बाकी सस्पेन्शनही बदललेले असते, आणि टायर थोड्याच अंतरासाठी असतात. जपानमधल्या काही शौकिनांनी तर चाके भुईकडे फाकलेली दिसावीत इतका टोकाचा कॅम्बर देण्याची स्वतंत्र शैली केली आहे. प्रदर्शनात उभ्या गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हौसेला मोल नसते. तक्रार सुरू होते ती सार्वजनिक रस्त्यावर. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने टायर तपासून गाड्या सोडण्याची मोहीम घेतली, ती योग्यच होती. पण उभ्या गाडीचा टायर बाहेरून बघणाऱ्याला नक्षी शाबूत दिसते, आणि आतल्या कडेला रबर संपून तारा डोकावत असतात. १.६ मिलिमीटर नक्षीची कायदेशीर मर्यादा बाहेरच्या खाचेत पाळलेली आणि आतल्या खाचेत कधीच ओलांडलेली, असा टायर ताशी १२० किलोमीटर वेगाने तासन् तास तापत राहणे हा एकट्या मालकाच्या हौसेचा मामला राहत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप कायद्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात हे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दंडही लावला. मग जे करूच नये, ते नीट कसे करावे हे सांगायचे कशाला? माझे उत्तर असे की हा युक्तिवाद करणाऱ्यांनी गाडी मूळ उंचीवरच ठेवावी. त्यांच्याशी माझा वाद नाही आणि त्यांचे टायरही वाचतील. पण स्प्रिंग उघडपणे विकल्या जातात, बसवल्या जातात आणि त्या गाड्या रस्त्यावर आहेत. शिवाय उंची न ठरवता बदललेल्या गाड्याही कमी नाहीत: जुन्या स्प्रिंग बसल्या, एक तुटली, ग्राइंडरने एक वेढा कापून टाकला. त्या सगळ्यांना हेच गणित लागू आहे. कायद्याच्या चौकटीत राहून कंपनी हेच काम कसे करते, त्याचा नमुनाही आहे. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजबरोबर २०१८ मध्ये टिआगो जेटीपी आणली, तेव्हा सस्पेन्शन नव्याने बेतले, पण गाडी उतरवली ती अवघी काही मिलिमीटर. चाळीस मिलिमीटर त्यांना सुचले नसतील, असे नाही.

राहिला खर्च. एक अलाइनमेंट काही शेकड्यांत होते, एक टायर काही हजारांत येतो. यावर जास्त बोलायला नको. गॅरेजवाल्यांची अडचण मात्र खरी आहे: नवी स्प्रिंग काहीशे किलोमीटर चालल्यावर बसते, मग आज केलेले काम उद्या बिघडणारच. म्हणून काम दोनदा करायचे, पैसे आधीच दोनदांचे सांगायचे. पहिल्याच दिवशी टो शून्याजवळ आणून द्यायचा, कारण बिघडलेल्या टोवर तेवढे किलोमीटरही महाग पडतात. स्प्रिंग बसल्यावर गाडी पुन्हा मशीनवर घ्यायची आणि स्टेअरिंगचा सेन्सर असेल तर तो शून्यावर आणायचा. त्याआधी लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळलेले हवेत. लिफ्टवर चाके लोंबत असताना ते आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते, गाडी थोडी वर राहते, बुश लवकर फाटतो आणि मशीनवरचा आकडा त्या फाटत्या बुशचा असतो. ग्राहकाने हातात घ्यायचा कागदही थोडा वेगळा असावा. त्यावर कोनांशेजारी, चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून पेनने लिहिलेले असावे, त्या वेळी गाडीत किती वजन होते तेही. पुढच्या खेपेला टो हललेला दिसला, तर स्प्रिंग बसल्याने हलला की टाय रॉड एंड ढिला झाल्याने, हे त्या चार आकड्यांवरून लगेच कळते.